रुग्णाचे चित्र आणि रसिकाची नजर

प्रत्येक मुलखाचे वेड्यांचे एक गाव ठरलेले असते. पुण्याकडचा माणूस येरवड्याचे नाव घेतो, मुंबईकडचा ठाण्याचे, आणि आम्ही बेळगावकडची माणसे धारवाडचे. 'याला धारवाडला धाडा' हे आपण थट्टेत इतक्या वेळा म्हटलेले असते, की त्या नावामागे भिंती आहेत आणि त्या भिंतींच्या आत जेवणारी, झोपणारी, क्वचित कागद-पेन्सिल मागणारी माणसे आहेत, हे ध्यानातही येत नाही. याच आपल्याला दुसऱ्या बाजूने वेडाचे मोठे आकर्षणही असते. प्रतिभा आणि वेड या सख्ख्या बहिणी, असे आपण सभा-संमेलनांतून ऐकतो आणि माना डोलावतो. वेड्याला हसणे आणि वेडाची पूजा करणे या दोन्ही गोष्टी वरवर उलट दिसल्या तरी त्यांचे फळ एकच असते. त्या माणसाने काढलेल्या चित्राकडे आपण पाहत नाही.

गेली काही वर्षे आपल्या शहरांतूनही 'आर्ट थेरपी' हा शब्द रुळला आहे. कोणी त्याला कलोपचार म्हणतात, कोणी चित्रोपचार. शाळांत, समुपदेशन केंद्रांत, व्यसनमुक्तीच्या शिबिरांत चित्रे काढून घेतली जातात. त्यांची प्रदर्शने भरतात, स्मरणिका निघतात. उपचाराचा विचार तज्ज्ञांनी करावा. पण त्या उपचारातून चित्र, कविता, मातीची मूर्ती अशी एखादी वस्तू जन्माला येते तेव्हा तिच्यापुढे समीक्षकाने कसे उभे राहावे, हा प्रश्न तज्ज्ञांचा नाही, आपला आहे. तो टाळला तर काय होते याचा इतिहास फार जुना नाही, आणि तो सुखद तर मुळीच नाही.

आरंभ सर्वांच्या परिचयाच्या माणसापासून करू. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने डिसेंबर १८८८ मध्ये आर्ल येथे आपला कान कापला आणि मे १८८९ मध्ये तो आपण होऊन सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. तिथल्या एका वर्षात त्याने दीडशेच्या आसपास चित्रे रंगवली. 'तारांकित रात्र' हे चित्र जून १८८९ मधले. एवढी हकिकत ऐकली की आपण लगेच निष्कर्ष काढतो: वेडाने चित्रे काढली! वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. झटका आला की व्हॅन गॉगचे काम थांबे. झटक्याच्या भरात तो रंग खाऊ लागला, म्हणून त्याच्यापासून रंग दूर ठेवावे लागले. तो रंगवत असे तो दोन झटक्यांच्या मधल्या शुद्धीच्या काळात, आणि भाऊ तेओला लिहिलेल्या पत्रांतून काम हेच आपल्याला सावरते आहे असे तो पुन्हा पुन्हा सांगे. म्हणजे आजाराने त्याला चित्र दिले नाही. आजारातून जो वेळ शिल्लक राहिला त्यात त्याने चित्र मिळवले. तरीही कामाने तो बरा झाला असे म्हणता येत नाही. जुलै १८९० मध्ये तो गेला. चित्राने जगवले आणि चित्राने वाचवले नाही, ही दोन्ही विधाने एकदम खरी आहेत. कलोपचारासंबंधी बोलताना ज्याला ही दोन्ही एकत्र धरता येत नाहीत, त्याने या विषयाच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी हकिकत हान्स प्रिन्त्झहॉर्नची. हा जर्मन गृहस्थ आधी कलेतिहासाचा अभ्यासक, नंतर गायनाचा विद्यार्थी आणि शेवटी डॉक्टर. १९१९ मध्ये तो हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात आला आणि निरनिराळ्या रुग्णालयांना पत्रे पाठवून त्याने रुग्णांची चित्रे, वह्या, लाकडी मूर्ती, भरतकाम गोळा केले. सुमारे ४५० रुग्णांच्या ५,००० हून अधिक कृती जमल्या. कोणाही कलाशिक्षकाने त्या काढायला सांगितल्या नव्हत्या. कित्येक तर रद्दी कागदावर, पाकिटांच्या पाठीवर केलेल्या होत्या. आग्नेस रिश्टर नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने रुग्णालयात आपल्या जाकिटावर आतून-बाहेरून दोऱ्याने अक्षरे भरली. ती आज पुरती वाचताही येत नाहीत, पण 'मी', 'माझे' हे शब्द त्यात पुनःपुन्हा येतात. जिचे स्वतःचे म्हणून काही उरले नव्हते, अशा बाईने 'माझे' हा शब्द अंगावर घालून वावरायचे ठरवले, याचा अर्थ सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

१९२२ मध्ये प्रिन्त्झहॉर्नचा ग्रंथ निघाला. त्याच्या नावातला एक शब्द समीक्षकाने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. 'कुन्स्ट' म्हणजे कला हा शब्द त्याने टाळला आणि 'बिल्डनेराय' म्हणजे प्रतिमा घडवणे हा शब्द योजला. कला म्हटले की श्रेष्ठ-कनिष्ठ आले, आणि तो निवाडा त्याला आधीच करून टाकायचा नव्हता. माणसात घडवण्याची जी मूळ ओढ आहे ती आजारातही मरत नाही, एवढेच त्याला म्हणायचे होते. हा ग्रंथ माक्स एर्न्स्टने पॅरिसला नेला आणि अतिवास्तववाद्यांनी तो डोक्यावर घेतला. पाउल क्लेलाही ही चित्रे मोलाची वाटली.

मग १९३७ साल आले. नाझी राजवटीने म्युनिकमध्ये 'भ्रष्ट कला' नावाचे प्रदर्शन भरवले आणि आधुनिक चित्रकारांची कामे थट्टेसाठी भिंतींवर टांगली. हे प्रदर्शन पुढे इतर शहरांत फिरले तेव्हा हायडेलबर्गच्या संग्रहातली चित्रे तुलनेला मांडण्यात आली. सांगायचे एवढेच होते: पाहा, हे आधुनिक चित्रकार आणि हे वेडे, यांत फरक आहे का? चित्र रुग्ण, म्हणून चित्रकार रुग्ण. आणि रुग्ण आहे म्हणून नकोसा. ही समीक्षाच होती, हे आपण विसरू नये. ती चित्रांविषयी बोलत होती, तिला तिचे निकष होते, तिचा शब्दसंग्रह होता. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत जर्मनीतल्या मनोरुग्णांपैकी आणि अपंगांपैकी सुमारे ७०,००० माणसांना वायूने मारण्यात आले. प्रिन्त्झहॉर्नने ज्याला 'पोल' या टोपणनावाने गौरवले होते तो फ्रान्त्स कार्ल ब्यूलर त्यांतच होता. धातूकामाचा हा निष्णात कारागीर. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याचे काम गेले होते. १९४० मध्ये ग्राफेनेक येथे त्याला मारले. हायडेलबर्गच्या त्याच रुग्णालयाचा तेव्हाचा प्रमुख कार्ल श्नायडर या हत्यासत्रात सामील होता. चित्रे जपणारी आणि चित्रकार मारणारी संस्था एकच असू शकते.

हे सारे परक्या देशातले म्हणून आपण अंग झटकू शकत नाही. मराठी समीक्षेने 'विकृत', 'रुग्ण मनोवृत्तीचे', 'निरोगी वाङ्मय' हे शब्द किती सैल हाताने वापरले ते आठवावे. नवकवितेच्या वेळी ते वापरले गेले, नवकथेच्या वेळी वापरले गेले. मर्ढेकरांवर तर कवितेबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला. आपल्याकडे या शब्दांनी कोणाचा जीव घेतला नाही हे खरे; पण कलाकृतीचा दोष दाखवण्यासाठी आजाराचे नाव उसने घेतले, की आजारी माणसाचाही अपमान होतो आणि कलाकृतीबद्दलही काही सांगून होत नाही. चित्र फसले असेल तर ते कुठे फसले हे रेषेच्या आणि रंगाच्या भाषेत सांगावे. त्याला ताप चढवू नये.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे वळू. 'आर्ट थेरपी' हा शब्द एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने १९४२ मध्ये वापरात आणला. तो मनोरुग्ण नव्हता, क्षयरोगी होता. १९३८ मध्ये मिडहर्स्टच्या सॅनिटोरियममध्ये पडून असताना तो समोर दिसेल ते रेखाटू लागला, आणि पुढे इतर रुग्णांना रेखाटायला लावू लागला. १९४५ मध्ये त्याने या अनुभवावर पुस्तक लिहिले. पडून राहण्याच्या सक्तीत मनाला काम मिळावे, हा त्याचा साधा विचार. त्यानंतर अमेरिकेत या शास्त्राच्या दोन वाटा झाल्या, आणि त्या दोन वाटांचा वाद कुठल्याही साहित्यसमीक्षकाला ओळखीचा वाटेल असा आहे.

मार्गारेट नॉमबर्ग या विदुषी फ्रॉइडच्या वाटेने गेल्या. त्यांच्या मते रुग्णाने काढलेले उत्स्फूर्त चित्र हे स्वप्नासारखे असते. त्यातून मनाच्या तळाशी दडलेले वर येते, आणि रुग्ण त्या चित्राविषयी बोलू लागला की उपचार घडतो. चित्र हे संभाषणाचे दार. दुसऱ्या ईडिथ क्रेमर. त्यांचे म्हणणे असे, की उपचार चित्राबद्दलच्या बोलण्यात नाही, तो चित्र घडवण्यातच आहे. संताप, भीती, वासना यांना आकार देताना मनाला जे श्रम पडतात तेच औषध. म्हणून चित्र किती चांगले झाले याला क्रेमर महत्त्व देतात. त्यात मनाला भिडण्याची शक्ती हवी, आंतरिक सुसंगती हवी, साधनांची काटकसर हवी. रंग फासून मोकळे होणे आणि रंगातून घोडा उभा करणे या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी साहित्याचा वाचक, त्यामुळे माझे मत क्रेमरबाईंकडे झुकते हे कबूल करतो. मात्र त्यामागे आवडीपेक्षा मोठे कारण आहे. ते कारण म्हणजे त्यांच्या गुरू.

फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या व्हिएन्नाच्या चित्रकर्तीने वायमारच्या बाउहाउस शाळेत शिक्षण घेतले होते. डिसेंबर १९४२ मध्ये तिला तेरेझीनच्या छळवस्तीत पाठवले गेले. बरोबर ५० किलो सामान नेता येत होते. तिने त्यात जमेल तेवढे कागद आणि रंग भरले. तिथे ती मुलांना चित्रकला शिकवू लागली. हातांना सवय व्हावी म्हणून लयीचे पाठ, जुन्या थोर चित्रांचे अभ्यास, कचेरीचे टाकाऊ छापील कागद कापून केलेली चिकटचित्रे. मुलांनी चित्रावर आपले नाव घालावे असा तिचा आग्रह असे. जिथे माणसाचा क्रमांक झाला होता तिथे नाव! चित्रांत छावणीचे पहारे आहेत, तसेच घरे, फुले, फुलपाखरेही आहेत. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्सला नेऊन मारण्यात आले. जाण्याआधी तिने सुमारे ४,५०० चित्रे दोन सूटकेसांत भरून लपवली. ती वाचली. ती काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. ईडिथ क्रेमर ही तिचीच व्हिएन्नाची विद्यार्थिनी, १९३८ मध्ये न्यूयॉर्कला निसटलेली.

फ्रीडलने आपल्या कामाला उपचार म्हटले नाही. तिने चित्रकलेचा तास घेतला, आणि तो चांगला घेतला. दुःखी मूल समोर आहे म्हणून तिने कला सोपी केली नाही. दयेपोटी निकष खाली आणणे हाही एक प्रकारचा अपमानच असतो, हे तिला समजले होते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला काही उत्तर आहे का? ॲरिस्टॉटलच्या 'कॅथार्सिस'ला आपण 'विरेचन' हा प्रतिशब्द दिला. तो सरळ वैद्यकातून घेतलेला आहे; पोट साफ व्हावे तसे मन साफ व्हावे. भरतमुनींनी नाट्याच्या प्रयोजनांत दुःखी, थकलेल्या, शोकाकुल माणसाला विसावा मिळणे हेही सांगितले आहे. पण या बाबतीत सर्वांत नेमके बोलणे अभिनवगुप्ताचे. रसाच्या आड येणारी जी सात विघ्ने त्याने सांगितली, त्यांत एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. घरात नुकतेच मरण झालेल्या माणसाला करुण रस चाखता येत नाही. त्याला फक्त रडू येते. क्रौंचवधाच्या कथेत शोकाचा श्लोक झाला, पण तो शोक वाल्मीकीचा खासगी शोक समजू नका, असेही तो बजावतो. स्वतःच्या दुःखात बुडालेल्याच्या हातून श्लोक घडत नाही.

यावरून कोणी म्हणेल, की अभिनवगुप्ताने कलोपचाराचे दार बंद केले. मला तसे वाटत नाही. त्याने उपचाराची जागा दाखवली. 'माझे दुःख' आणि 'दुःख' यांच्यामध्ये जे अंतर आहे ते चालून जाणे, हाच उपचार. कागदावर काळा रंग ओतला तेव्हा तो माझा होता; त्या काळ्याला शेजारी पिवळा हवा असे वाटले, त्या क्षणी मी स्वतःपासून एक पाऊल दूर सरलो. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम सांगितले ते सौंदर्यासाठी. त्यांना कलेकडून उपचाराचे काम करून घ्यायचे नव्हते. तरी ज्याच्या मनाचा समतोल गेला आहे अशा माणसाने कागदावर समतोल साधण्यासाठी अर्धा तास घालवला, तर त्या अर्ध्या तासाला कोणत्या खात्यात घालायचे? रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) आपला कलाविचार लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांमध्ये वावरतो असे दाखवले. रुग्णाचे चित्र दोन्ही ध्रुवांवर एकाच वेळी उभे असते. त्याला एका ध्रुवावर ढकलणे सोपे आहे. डॉक्टर त्याला लक्षण म्हणेल, कलावादी त्याला निव्वळ आकार म्हणेल. दोघेही अर्धे चित्र पाहतील.

अर्थात आपल्याकडच्या बायकांनी हे अंतर शास्त्राविना कापले आहे. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. सासुरवास, माहेरची ओढ, मेलेले लेकरू हे सारे ओवीत आले, पण ते ओवीच्या मापात आले. जात्याच्या फेऱ्याने लय दिली आणि त्या लयीने दुःखाला बांध घातला. तिथे श्रोता होता, पण तपासनीस नव्हता.

मग समीक्षकाने काय करावे? याचे एक उदाहरण ब्राझीलमध्ये सापडते. डॉ. नीझे दा सिल्व्हेइरा या बाईंनी विजेचे झटके आणि मेंदूवरची शस्त्रक्रिया या तेव्हाच्या उपचारांना नकार दिला, आणि १९४६ मध्ये रिओ येथील रुग्णालयात चित्रशाळा काढली. १९५२ मध्ये तिथे संग्रहालय उभे राहिले, आणि युंगशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. पण १९४९ मध्ये साओ पाउलोच्या आधुनिक कलासंग्रहालयात या रुग्णांपैकी नऊ जणांचे प्रदर्शन भरले तेव्हा वर्तमानपत्रांतून वाद पेटला. भानावर नसलेल्यांचे काम ते कला कसे, असा एका बाजूचा सवाल होता. मारिओ पेद्रोझा हा नावाजलेला समीक्षक दुसऱ्या बाजूने उभा राहिला. दया दाखवा असे तो म्हणाला नाही. ही चित्रे चांगली आहेत असे म्हणाला, आणि कशी चांगली आहेत ते सांगितले. समीक्षकाचे काम ते हेच.

याला जोडून उपचाराबद्दलही खरे बोलले पाहिजे. २०१२ मध्ये युनायटेड किंग्डममधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर केलेल्या या पाहणीत गटाने घेतलेल्या कलोपचारामुळे नेहमीच्या उपचारापेक्षा लक्षणांत किंवा दैनंदिन वागण्यात अधिक सुधारणा झाल्याचे दिसले नाही. पुष्कळ जण नेमून दिलेल्या तासांना फारसे आलेच नाहीत. म्हणून चित्र काढा आणि गोळ्या सोडा असे कोणी सांगत असेल तर तो घातक सल्ला आहे. पण या निष्कर्षाने चित्र निरुपयोगी ठरले असेही नाही. अभंगाने तुकोबांचे दुष्काळात गेलेले माणूस परत आणले नाही; म्हणून अभंग वाया गेला असे आपण म्हणत नाही. चित्राकडून गोळीचे काम मागू नये आणि गोळीकडून चित्राचे.

शेवटी आपल्या घरचे बोलू. दिवाळी अंक काढणाऱ्यांना, प्रदर्शने भरवणाऱ्यांना मनोरुग्णांच्या चित्रांचा मोह होतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण छापताना आपण 'एका मनोरुग्णाचे चित्र' असे खाली लिहितो, तेव्हा वाचकाला चित्र पाहण्याआधीच उत्तर सांगून टाकतो. आपल्या देशात २०१७ मध्ये मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला. रुग्णालयात उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा इतर माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही, असे तो सांगतो. आणि रुग्णाकडून सक्तीने काम करून घेऊ नये, केल्यास योग्य मोबदला द्यावा, असेही सांगतो. माझ्या मते चित्रालाही हाच न्याय लावावा. चित्र छापण्याआधी काढणाऱ्याला विचारावे. नाव द्यायचे की नाही हे त्याने ठरवावे, फ्रीडलच्या मुलांप्रमाणे. विकले गेले तर पैसे त्याचे. आणि आजाराचे नाव, त्याने स्वतः सांगितल्याखेरीज, मुळीच देऊ नये.

त्यानंतर मात्र समीक्षकाने आपले काम करावे, आणि ते हात न राखता करावे. चित्र चांगले असेल तर कशामुळे ते सांगावे, नसेल तर तेही सांगावे. ज्याला इतर सर्वांनी आधी हसून आणि मग कीव करून सोडून दिले, त्याला आपले चित्र कोणीतरी नीट पाहिले, एवढे तरी मिळाले पाहिजे. धारवाडच्या त्या भिंतींच्या आतही कोणीतरी या घटकेला कागद मागत असेल. त्याला कागद देणे हे डॉक्टरांचे काम. त्यावर काय उमटले ते पाहणे हे आपले.